पॉइंट टू-टू पिस्तुलाची पुंगळी अडकते: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

क्लबची पिस्तुलं ज्याच्या ताब्यात असतात त्याच्याकडे एक तक्रार हमखास येते: "सर, इजेक्टर गेलाय वाटतं." इजेक्टर म्हणजे फुटलेल्या राउंडची (काडतुसाची) रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग. उघडून बघावं तर इजेक्टर ठणठणीत असतो. दोष निघतो मळलेल्या चेंबरमध्ये (राउंड बसतो ती बॅरलमागची जागा), त्या पिस्तुलाला न मानवणाऱ्या राउंडमध्ये, नाहीतर खाली पडून ओठ (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेल्या मॅगझीनमध्ये.

इथे लिहिलंय ते २५ मीटर रेंजवरच्या .२२ लाँग रायफल (हे राउंडचं नाव) सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्ट पिस्तुलाबद्दल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण घेतलं तोच हा प्रकार. दहा मीटर एअर पिस्तुलावरून इकडे येणाऱ्या मुलामुलींना हा त्रास नवा असतो, कारण तिथे पुंगळीच नसते. परवान्यावरच्या मोठ्या कॅलिबरच्या पिस्तुलाला यातलं बरंचसं लागू पडतं, सगळं नाही.

लक्षणं

"जाम होतंय" एवढ्यावर काहीच कळत नाही. जाम झाल्यावर आत नेमकं काय दिसलं ते सांगा.

पुंगळी खिडकीत, म्हणजे तिच्या बाहेर पडायच्या फटीत, अर्धवट उभी चिमटली गेली असेल, म्हणजे स्टोव्हपाइप, तर ती चेंबरमधून सुटली पण जोरात फेकली गेली नाही. पुंगळी चेंबरमध्येच बसून राहिली आणि मागून पुढचा राउंड येऊन तिच्या बुडावर टेकला, तर गोष्ट वेगळी: ती सुटलीच नाही. तिसरा प्रकार म्हणजे पुंगळी चेंबरमधून निघते, पण वाटेत नखीतून (तिला ओढून आणणाऱ्या आकड्यातून) निसटते आणि आतच आडवी पडते. चौथा प्रकार लोक दोष म्हणून मोजतच नाहीत. पुंगळी बाहेर पडते, पण मरगळल्यासारखी. नेहमी हातभर लांब जाणारी पुंगळी मनगटावर किंवा टेबलावर तुमच्या पुढ्यातच पडायला लागली, की पुढच्या एक-दोन सरावांत स्टोव्हपाइप येणार असं समजा.

याच्या जोडीला जाम कधी होतो तेही बघा. पहिल्याच शॉटला, पाचपैकी शेवटच्या शॉटला, की पन्नास-साठ राउंड झाल्यावर? एकाच मॅगझीनला होतो की सगळ्यांना? एकाच नेमबाजाच्या हातात होतो का? मॅगझीनांच्या बुडाला मार्करने १, २, ३ असे आकडे टाका आणि प्रत्येक जामची वहीत एक ओळ लिहा: मॅगझीन कोणतं, कितवा शॉट, कोणता राउंड, पुंगळी कुठे होती. एवढ्या वहीवरून निम्म्या वेळा पान्याला हात न लावता उत्तर सापडतं.

हात लावण्याआधी

पिस्तुलाचं तोंड टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर. आधी मॅगझीन काढा, मग बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामा असल्याची खूण) घाला. हा क्रम उलटा केला, म्हणजे बोल्ट ओढून नंतर मॅगझीन काढलं, तर बोल्ट पुढे जाताना नवा राउंड चेंबरमध्ये जाऊन बसतो. खिडकीत पुंगळी दिसतेय म्हणजे चेंबर रिकामा, असं धरून चालू नका. स्टोव्हपाइपच्या खाली जिवंत राउंड अर्धा चढलेला असू शकतो.

दोन गोष्टी जामसारख्या वाटतात, पण त्या जाम नसतात. ट्रिगर दाबला आणि नुसता 'टक' आवाज आला तर पिस्तूल टार्गेटकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा. राउंड उशिरा पेटू शकतो. आणि आवाज फुसका आला, धक्का जाणवलाच नाही, तर गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. अशा वेळी पुंगळी बाहेर काढून पुढचा शॉट मारणं म्हणजे बॅरल फुगवून घेणं. शूटिंग बंद, रेंज ऑफिसरला हाक, पिस्तूल रिकामं करून बॅरल आरपार मोकळी आहे का ते बघा. स्टोव्हपाइप समजून पटकन बोल्ट ओढायची सवय लागलेल्यांकडून नेमकं हेच निसटतं.

स्पर्धेत जाम झाला तर बोल्टला हात लावायचा नाही. पिस्तूल टार्गेटकडे धरून ठेवा, मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसरला सांगा. पुंगळी बाहेर न फेकली जाणं हा आंतरराष्ट्रीय नियमांत ग्राह्य बिघाड आहे. पण तुम्ही आधीच बोल्ट हलवलात तर तोच बिघाड अग्राह्य होतो आणि उरलेले शॉट जातात. रॅपिडमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या जलद टप्प्यात, टार्गेट तीनच सेकंद समोर असतं, तेव्हा हात आपोआप बोल्टकडे जातो. म्हणून हाही सराव करावा लागतो.

आतमध्ये काय घडतं

या पिस्तुलाच्या ब्रीचला, म्हणजे चेंबरच्या मागच्या तोंडाला, कुलूप नसतं. बोल्ट नुसता वजनाने आणि स्प्रिंगने पुढे टेकलेला असतो. राउंड फुटला की गॅस पुंगळीला मागे रेटतो आणि पुंगळी बोल्टला. म्हणजे फुटलेल्या राउंडची पुंगळी चेंबरबाहेर काढण्याचं बरंचसं काम गॅसच करतो. एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड धरून तिला बोल्टच्या तोंडाशी चिकटवून आणते, पुंगळी इजेक्टरवर आपटते आणि गिरकी घेऊन खिडकीबाहेर जाते. न फुटलेला राउंड हाताने काढताना मात्र सगळी मदार नखीवर असते.

बोल्टचा वेग जरा उतरला की आपटणं सौम्य होतं, आणि मग इजेक्टर बदनाम होतो. पुढच्या बहुतेक तपासण्या हा वेग कोण खातंय याचाच शोध आहे.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी पकड. अंगठा बोल्टला किंवा स्लाइडला घासतोय का? अंगठा वर चढवून धरणाऱ्यांकडून हे होतं आणि त्यांना पत्ताही नसतो. कोणालातरी बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. मनगट ढिलं असेल तर बोल्टसोबत सगळं पिस्तूलच मागे जातं आणि बोल्टची चाल अपुरी पडते. जड टार्गेट पिस्तुलात याचा परिणाम कमी दिसतो, हलक्या पिस्तुलात आणि नव्या, हातात जोर नसलेल्या मुलांत जास्त. पटकन पारखायचं तर तेच पिस्तूल, तेच मॅगझीन, तोच राउंड एखाद्या जुन्या नेमबाजाच्या हातात द्या. त्याच्याकडे चाललं तर पिस्तूल उघडू नका.

पुंगळ्या गोळा करायची जाळी लावत असाल तर ती काढून बघा. जाळी फार जवळ असेल तर पुंगळी तिच्यावर आपटून परत खिडकीत येते.

मग राउंड. या पिस्तुलांची स्प्रिंग सहसा स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या राउंडवर बेतलेली असते: ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. त्याहून मुद्दाम हळू बनवलेला राउंड बोल्टला पुरेसा मागे रेटत नाही. हाय व्हेलॉसिटी राउंड रेटतो, पण वाजवीपेक्षा जास्त. तो घातल्यावर जाम थांबला म्हणून खूश होणारे पुढे तुटलेला बफर (बोल्टचा धक्का झेलणारा तुकडा) घेऊन येतात. कारखान्याच्या माहितीपुस्तकात कोणता राउंड सांगितलाय ते वाचा आणि त्याच वर्गातला दुसरा ब्रँड किंवा दुसरा लॉट लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. राउंड, मॅगझीन आणि तेल तिन्ही एकदम बदलून जाम थांबला, तर कशाने थांबला हे कोणालाच सांगता येणार नाही.

राउंड ठेवायची जागाही महत्त्वाची. .२२ च्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. एप्रिल-मे महिन्यात डबा गाडीत राहिला तर ते पातळ होऊन पुंगळीभर पसरतं आणि त्याला धूळ चिकटते. असे चिकट राउंड चेंबर लवकर भरतात. पण राउंड पुसून मेण काढायच्या फंदातही पडू नका. ते नसेल तर बॅरलमध्ये शिसं चढतं. जमिनीवर पडलेला राउंड तसाच उचलून मॅगझीनमध्ये टाकू नका. मातीचा एक कण चेंबरवर ओरखडा काढायला पुरतो.

सफाई: बहुतेकांचा त्रास इथेच संपतो

जाम पन्नास-साठ राउंडांनंतर सुरू होत असेल तर सरळ इथे या. मेण, शिसं आणि काजळी मिळून चेंबरच्या भिंतीवर थर धरतात. राउंड फुटताना पुंगळी फुगते आणि त्या थराला घट्ट बसते, मग गॅसचा जोर तिला सोडवण्यातच संपतो.

गंमत अशी की लोक बॅरल तासन्‌तास घासतात आणि चेंबर तसाच सोडतात. इजेक्शनशी बॅरलचा जवळपास संबंध नाही. पुलथ्रू (सफाईची दोरी) घालायचाच तर चेंबरकडून तोंडाकडे ओढा. तोंडाकडून लोखंडी सळई घालून बॅरलच्या कडेची वाट लावू नका.

चेंबरसाठी ब्राँझचा छोटा ब्रश सॉल्व्हेंटमध्ये बुडवून चेंबरमध्ये घाला आणि घड्याळाच्या दिशेने काही वेढे फिरवा. पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग कोरडी चिंधी. चिंधी स्वच्छ येईपर्यंत परत. त्यानंतर बोल्टचं तोंड. पुंगळीची कड जिथे बसते त्या गोल खाचेत काळी पोळी जमते, ती नायलॉनच्या ब्रशने काढा. मग नखी. तिच्या मागच्या फटीत टूथपिक घालून हळूच खरवडलंत तर काळ्या मेणाचा चकचकीत तुकडा बाहेर येतो. तो तांदळाच्या कणीएवढा असला तरी नखीला आत मिटू देत नाही, आणि पुंगळीची कड निसटते. वाटेत निसटून आडव्या पडणाऱ्या पुंगळीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर नको, नखीचं टोक दुखावतं.

सॉल्व्हेंट लावण्याआधी लाकडी ग्रिप काढून ठेवा, नाहीतर लाकूड पिऊन घेतं. काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि त्याआधी चहा-बिस्किटाला हात लावू नका. चिंधीवरचा काळा रंग नुसता धुरळा नाही, त्यात शिसं आहे. रेंजवर लहान मुलं असतात तिथे वापरलेल्या चिंध्या पिशवीत बांधून टाका.

तेलाबद्दल. बोल्टच्या सरकपट्ट्यांवर एकेक थेंब, बोटाने पसरवून. बस्स. चेंबरमध्ये आणि बोल्टच्या तोंडावर तेल नको. ओल्या चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर नको तेवढा मार येतो. शिवाय तेलात काजळी कालवली जाऊन लगदा होतो. घरातलं खोबरेल लावणारेही भेटतात. ते थंडीच्या सकाळी गोठतं आणि उरलेल्या वर्षात चिकट होतं. गंज सोडवायला मारतात तो स्प्रे हेही वंगण नव्हे; तो आत झिरपतो आणि राउंडला लागला तर राउंड निकामी करू शकतो.

पावसाळ्यात, खास करून मुंबईत आणि कोकणात, पिस्तूल फोमच्या पेटीत महिनाभर ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि चेंबरला बारीक गंजाचे ठिपके पडतात. ते ठिपके पुढे प्रत्येक पुंगळीला धरून बसतात, आणि कुठलाही ब्रश ते काढू शकत नाही. साठवताना तेलाचा पातळ हात, सोबत सिलिका जेल, आणि शूटिंगच्या आधी चेंबर कोरडा पुसायचा. तिजोरीतून काढून थेट रेंजवर नेलेलं पिस्तूल पहिल्या मॅगझीनला नखरे करतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच न पुसलेलं तेल असतं.

मॅगझीन

वहीत एकाच आकड्याचं मॅगझीन पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ते बाजूला काढा. दुसऱ्याने नीट चालतंय? मग पिस्तूल निर्दोष आहे.

जाम भरलेल्या मॅगझीनच्या पहिल्या शॉटला होत असेल तर वरचा राउंड खालून बोल्टला जास्त दाबतोय आणि घर्षणात वेग जातोय, असा अंदाज बांधा. एकच राउंड भरून मारून बघा; एकेकटे राउंड नीट फेकले जात असतील तर अंदाज बरोबर. उलट शेवटच्याच शॉटला स्टोव्हपाइप होत असेल तर विचार उलटा करा. खाली पुढचा राउंड नसल्यामुळे पुंगळीला खालून आधार राहिलेला नाही, आणि नखीची पकड कमी असेल तर ती तिथेच उघडी पडते. अशा वेळी मॅगझीन नव्हे, एक्स्ट्रॅक्टर बघायचा.

मॅगझीनचे ओठ दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का ते नव्या मॅगझीनशेजारी धरून बघा. काँक्रीटवर पडलेलं मॅगझीन वरून चांगलं दिसतं आणि एक ओठ केसभर उघडलेला असतो. पक्कड घेऊन तो वाकवायला जाऊ नका. नवं मॅगझीन महाग आणि मिळायला वेळ लागतो हे खरं, पण पक्कड मारलेलं मॅगझीन पुन्हा कधी भरवशाचं होत नाही. आतली स्प्रिंग आणि फॉलोअर (राउंड वर ढकलणारा तुकडा) काढून कोरड्या चिंधीने पुसा; आत तेल नको.

स्प्रिंग आणि बफर

रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे बोल्टला पुढे रेटणारी, झिजायचा भाग आहे. किती राउंडांनी बदलायची ते कारखाना सांगतो, आणि त्यासाठी क्लबच्या पिस्तुलाची राउंडची नोंद ठेवावी लागते. नोंद नसेल तर नव्या स्प्रिंगशेजारी जुनी उभी करा. लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो. कोणीतरी आधी चुकीची, जास्त कडक स्प्रिंग टाकलेली असणं हेही होतं, विशेषतः हातोहात फिरलेल्या पिस्तुलात. कडक स्प्रिंगने बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी खिडकीत चिमटते. मग कोणीतरी स्प्रिंगचे दोन वेढे कापायचं सुचवतो. कापू नका. ढिल्या स्प्रिंगने बोल्ट फ्रेमवर आदळत राहतो, आणि फ्रेम स्प्रिंगसारखी बदलता येत नाही.

काही पिस्तुलांत बोल्टच्या मागे रबर किंवा प्लास्टिकचा बफर असतो. तो चिरला की त्याचा तुकडा बोल्टच्या वाटेत येतो आणि चाल अपुरी पडते. सफाई करताना बफर बोटाने दाबून बघा.

पुंगळी वाचायला शिका

इथून पुढे बघायचं, पण दुरुस्त करायचं नाही. अडकलेल्या पाच-सहा पुंगळ्या बाजूला ठेवा आणि भिंगाखाली धरा.

कडेला नखीची नीट एकसारखी खूण आहे का? खूण पुसट असेल किंवा कड तासल्यासारखी निघाली असेल, तर नखी बोथट झालीय किंवा तिची स्प्रिंग दमलीय. खात्री करायची तर पिस्तूल उघडून रिकामी पुंगळी बोल्टच्या तोंडाशी नखीखाली सरकवा आणि बोल्ट हलकेच हलवा. पुंगळी लगेच गळून पडली तर नखीला नीट धरता येत नाही. तुमच्या पिस्तुलाची नखी पिनशिवाय निघत असेल आणि माहितीपुस्तकात मालकाने बदलायला परवानगी असेल, तर कंपनीची नवी नखी आणि स्प्रिंग एकत्र बदला. पिन ठोकून काढावी लागत असेल तर ते काम तुमचं नाही.

आता पुंगळीच्या अंगावर बघा. प्रत्येक पुंगळीवर एकाच जागी लांबट चमकदार ओरखडा, आणि तो फायरिंग पिनच्या खुणेच्या रेषेत? मग चेंबरच्या काठाला बुरी (लोखंडाचा उचललेला कंगोरा) आलीय. .२२ राउंडला पिन मध्यभागी नाही, कडेला मारते. चेंबर रिकामा ठेवून ड्राय फायर केलं, तर काही पिस्तुलांत तीच पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथलं लोखंड आत ढकलते. आपल्याकडे राउंड महाग, म्हणून ड्राय प्रॅक्टिस भरपूर. त्यामुळे हा दोष वाटतो तितका दुर्मिळ नाही. तुमच्या पिस्तुलाला ड्राय फायरची वेगळी सोय आहे का ते बघा, नसेल तर डमी राउंड वापरा. आलेली बुरी दाबून सारखी करायला खास अवजार लागतं. ते चालवायला हात बसलेला असावा लागतो, कारण चेंबरचा काठ जरा जास्त गेला तर पुंगळीची कड आधाराशिवाय राहते आणि फुटते.

इथे थांबा

पुंगळी फुगलेली किंवा कडेला फाटलेली निघाली. एका ट्रिगरला दोन राउंड गेले. बोल्ट पूर्ण बंद होण्याआधी शॉट गेला. बॅरलवर हाताला कड्यासारखा फुगवटा लागतो. फ्रेमवर किंवा बोल्टवर तडा दिसतो. इजेक्टर हलतो किंवा वाकलाय. यापैकी काहीही दिसलं की त्या पिस्तुलातून आणखी एकही राउंड मारायचा नाही. "एवढी सिरीज संपवतो" हेही नाही.

आणि वरचं सगळं करूनही वेगळ्या राउंडवर, वेगळ्या मॅगझीनवर, वेगळ्या हातात जाम येतच असेल तर तुमचं काम संपलं. चेंबरला पॉलिश पेपर लावणं, नखीला कानस मारणं, इजेक्टर वाकवणं, व्हिडिओ बघून सिअरला (ट्रिगर दाबेपर्यंत पिस्तूल न सुटू देणाऱ्या भागाला) हात घालणं, यातलं काहीही करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. ओळखीचा लेथवाला कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे पिस्तूल नेता येत नाही. परवानाधारक गनस्मिथ किंवा रेंजचा आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा), एवढेच पर्याय. क्लबचं पिस्तूल असेल तर कोचला सांगितल्याशिवाय पानाही लावू नका.

आर्मररकडे जाताना पिस्तूल रिकामं आणि फ्लॅग घातलेलं, राउंड वेगळ्या डब्यात, परवाना सोबत. सगळी मॅगझीनं न्या, फक्त बिघडलेलं नाही. अडकलेल्या पुंगळ्या एका पाकिटात आणि नीट फेकल्या गेलेल्या चार-पाच दुसऱ्या पाकिटात घाला, त्याला तुलना करता येते. राउंडच्या डब्यावरचा लॉट नंबर आणि ती वही द्या. पिस्तूल नेण्याआधी घासून चकाचक करू नका. कुठे काय घासलं गेलंय ते त्याला तसंच बघू द्या.